गावपळणीतली गळती

मी पाण्याचा मीटर बोलतोय. साधा नव्हे, स्मार्ट. साधे मीटर काचेआड काटा फिरवत बसतात आणि महिन्यातून एकदा कुणी येऊन वाकून बघेल याची वाट पाहतात. माझ्यापुढे कुणाला वाकावं लागत नाही. माझ्या पोटात झडप आहे, डोक्यावर बोटाएवढी अँटेना आहे आणि आत सिमकार्ड आहे. घरात तांब्याभर पाणी घेतलं की ते जिल्ह्याच्या ठिकाणी कळतं. ते पाणी कुणी घेतलं आणि कशाला घेतलं, हे मात्र मला कळवता येत नाही. ते माझ्यात बसवलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या शहराबाहेरच्या कारखान्यात झाला. तिथे मला तपासणाऱ्या मुलीने माझी झडप उघडून मिटून पाहिली आणि पाठीवर एक चिकटपट्टी लावली. मग खोक्यात बसून मी घाट उतरलो, वैभववाडीवरून खाली आलो आणि तालुक्याच्या गोदामात पडलो. एक अख्खा पावसाळा मी तिथे काढला, जुन्या पाट्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत. सरकारी मालमत्तेला आधी कुजायची सवय लागावी लागते, मग ती कामाला जुंपतात. मी कुजलो नाही, याचा मला तेव्हा फार गर्व होता.

माझं गाव म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या कडेला असलेली खाजणवाडी. विहिरी घरटी एक, पण खाडीचा बंधारा फुटल्यापासून सगळ्या खाऱ्या झालेल्या. प्यायला नळयोजनेचंच पाणी. पूर्वी ते सकाळी थोडा वेळ यायचं आणि बायका पिंपं, हंडे, कळशा, होती नव्हती ती सगळी भांडी भरून ठेवायच्या. मग योजना आली. चोवीस तास पाणी, घरटी मीटर आणि सगळा कारभार मोबाईलवर. टाकीत किती पाणी आहे, कुठल्या घरात किती गेलं, कुठे गळतंय, हे एका अ‍ॅपवर दिसायचं आणि ते अ‍ॅप गावातल्या प्रत्येकाला उघडं होतं. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच. शेजाऱ्याकडे आज आंघोळी झाल्या की नाहीत हेही लोक त्यात बघत असत.

ही योजना गावात आणली बाबलीने. बाबली पाणी समितीचा अध्यक्ष आणि शिवाय गावचा मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायच्या वेळी पुढच्या ओळीत उभा राहणारा माणूस. दोन्ही मान त्याला सारखेच प्रिय होते. गावातला पहिला मीटर त्याच्या घरी बसला आणि तो मी. मला मागीलदारच्या भिंतीवर नळाशेजारी बसवलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी भाषण केलं. बाबलीने त्याहून लांब केलं.

घरात तिघंच माणसं. बाबली, त्याची बायको सुगंधा आणि म्हातारी आई तुळसा. मुलगी रिया लग्न होऊन देवगडला गेलेली. सुगंधा रोज सकाळी मला फडक्याने पुसायची. तुळसाला मात्र मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही.

"ह्या काय भिंतीक लावल्यानी?" तिने विचारलं.

"मीटर आसा आये. पाणी मोजता," सुगंधा म्हणाली.

"पाण्यावर पाळत कित्याक व्हयी? पाणी काय चोर आसा?"

मला तिचा राग आला होता. सरकारी कामाला नावं ठेवणारी माणसं मला सोसवत नाहीत.

चोवीस तास पाणी आलं तशी गावाची भांडी भरून ठेवायची सवय सुटली. सुगंधाने मागीलदारचं निळं पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि त्या जागी अबोली लावली. सगळ्यांनीच तसं केलं. भरून ठेवणं म्हणजे मागासपणा, असं बाबली सभेत सांगायचा.

पुढे गणपतीच्या दिवसांत तुळसा मागीलदारच्या पायरीवर घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती उठली नाही. मागच्या खोलीत, माझ्या भिंतीला लागूनच, तिची खाट टाकली. पडून पडून तिला उन्हाळी लागली, लघवीला जळजळायचं, मधूनमधून ताप भरायचा. डॉक्टरांनी औषधाच्या आधी पाणी सांगितलं. भरपूर पाजा, कमी पडू देऊ नका, नाहीतर म्हातारं शरीर एका दिवसात सुकतं. सुगंधा दर थोड्या वेळाने तांब्या घेऊन यायची. पाजायला पाणी, पुसायला पाणी, चादरी धुवायला पाणी. घराचा वापर वाढला, तसा मी कळवला. का वाढला, ते कुणी विचारलं नाही.

मार्गशीर्षात देवाने गावपळणीचा कौल दिला.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. काही वर्षांनी एकदा अख्खं गाव तीन दिवस गाव सोडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी वेशीबाहेरच्या माळावर झावळ्यांच्या खोपी घालून राहतात. गाव देवाच्या आणि भुताखेतांसारख्या इतर कुणाकुणाच्या हवाली करतात. त्या दिवसांत गावात माणसाने पाऊल टाकायचं नाही. यात वाईट काही नाही. वर्षभर कुंपणावरून भांडणारे लोक तिथे एका पंगतीला जेवतात, बायका फुगड्या घालतात, म्हातारे पत्ते खेळतात. खाजणवाडीची आणखी एक रीत आहे. निघताना घरात भरलेलं पाणी ठेवायचं नाही. सगळं ओतून भांडी उपडी घालायची आणि मानकऱ्यांनी घरोघर फिरून ते बघायचं.

आजाऱ्यांना लोक गाडीने पाहुण्यांकडे नेऊन सोडतात. बाबलीने आठ दिवस आधीच देवळात सांगून टाकलं, "आयेक देवगडाक चेडवाकडे धाडलंय." धाडलेलं नव्हतं. निघायच्या सकाळी नेऊ, असं त्याच्या मनात होतं. पण त्या सकाळी दोघांनी मिळून तुळसाला खाटेवरून उचललं आणि ती अशी किंचाळली की माझ्या भिंतीचा गिलावा हलला. गाडीच्या दारापर्यंतसुद्धा नेता आली नाही. परत आणून ठेवली तेव्हा ती घामाने भिजली होती.

"माका हलवू नको रे," ती म्हणत होती. "मारूचा तर हयच मार."

सुगंधा नवऱ्याला घेऊन मागीलदारी आली. "देवाक इचारूया. गुरुप्रसादभावोजींका सांगा, कौल लावूंदेत. म्हातारी माणूस आसा, देव काय नको म्हणाचो नाय."

गुरुप्रसाद हा देवळातला गुरव. देवाला कौल लावायचं काम त्याचं.

"आता?" बाबली म्हणाला. "सगळ्या गावासमोर सांगू, की आठ दिस मी खोटा बोललंय? माझ्या हातात देवाचो नारळ आसा गो."

"मगे काय करूचा?"

बाबलीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू रव तिच्या वांगडा. पुढचा दार उघडू नको. चूल पेटवू नको, धूर दिसतलो. दिवो नको. पेज करून ठेवलंस ती पुरतली. आणि पाण्याची काय काळजी नाय, नळ आसा चोवीस तास."

नंतर इतर मानकरी आले तेव्हा बाबलीने स्वतःच्या हाताने हंडे ओतून उपडे घातले. सुगंधाही पहाटेच सासूजवळ देवगडला गेली, असं त्याने त्यांना सांगितलं. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत सुगंधा सासूच्या तोंडावर हात धरून बसली होती. ढोल वाजत वाजत वेशीकडे गेले आणि गाव रिकामं झालं. पुढे माळावर काय घडलं ते मी त्या वेळी पाहिलं नाही. ते नंतर माझ्यासमोर झालेल्या बोलण्यातून कळलं. पण सांगताना जागच्या जागी सांगतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत सुगंधाने नेहमीसारखंच पाणी घेतलं. आणि मी नेहमीसारखंच ते कळवलं.

आता नियम ऐका. अख्ख्या वाडीचा वापर शून्य असेल आणि एकाच जोडणीतून पाणी जात असेल, तर ती गळती. हा नियम कुठल्यातरी हुशार माणसाने गार खोलीत बसून केला होता. वाईट माणूस नसणार तो. पाणी वाया जाऊ नये, एवढंच त्याला वाटलं. गावपळण म्हणजे काय ते त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं पाणी समितीच्या अध्यक्षाने.

नियमाप्रमाणे बाबलीच्या मोबाईलवर प्रश्न गेला. आपल्या नळजोडणीत गळतीचा संशय आहे. गळती असल्यास 'होय' दाबा, पाणी बंद करण्यात येईल. वापर चालू असल्यास 'नाही' दाबा. आणि अ‍ॅपवर त्याच्या घराचा ठिपका लाल होऊन लुकलुकायला लागला.

माळावर तो ठिपका पहिल्यांदा पाहिला विनीतने. विनीत ग्रामपंचायतीत संगणकावर बसतो. योजनेची सगळी कळ त्याच्या मोबाईलात.

"बाबलीकाका, तुमच्या नळाक गळती दाखयता," तो जेवणाच्या पंगतीत मोठ्याने म्हणाला.

झालं. दहा माणसं मोबाईल काढून बघायला लागली. बाबलीने आपला मोबाईल काढला. त्याच्या खांद्यावरून गुरुप्रसाद वाकून बघत होता. 'नाही' दाबलं तर ठिपका हिरवा होणार, आणि बाबलीच्या बंद घरात कोणीतरी पाणी वापरतंय हे सगळ्या गावाला दिसणार.

"दाब मरे," कुणीतरी म्हणालं. "पाणी फुकट जाता हा."

बाबलीने 'होय' दाबलं.

मी झडप मिटली. टक् असा बारीक आवाज होतो. नळाखाली सुगंधा तांब्या धरून उभी होती. तो निम्माच भरला होता. तिने तोटी फिरवली, परत फिरवली, मग माझ्यावर हलकेच थाप मारली. पाणी बंद का झालं ते तिला कळलं नाही. येईल थोड्या वेळाने, असं ती खोलीत जाऊन तुळसाला म्हणाली आणि तो अर्धा तांब्या जपून जपून पाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाचा ताप चढला. सुगंधाने खाऱ्या विहिरीचं पाणी काढून चादर धुतली, तिला पुसलं. पुसल्यावर अंगावर मिठाची पांढरी रेघ उमटायची आणि पाठीला पडलेल्या जखमा झोंबायच्या. तुळसा विव्हळायची. परड्यात पडलेले दोन नारळ सुगंधाने कोयत्याने सोलले आणि त्यातलं पाणी चमच्याने पाजलं. ते किती पुरणार? मग तिने मोबाईल घेतला आणि मागीलदारी, माझ्याजवळ बसून, बाबलीला लावला.

"पाणी बंद झाला हा," ती कुजबुजली. "कालपासून. आये तापान फणफणली हा. कायतरी करा."

पलीकडून बाबलीचा मोकळा, मोठा आवाज आला. आजूबाजूला माणसं होती.

"काय गो रिया? आये बरी आसा मगे?"

सुगंधाला क्षणभर कळलंच नाही. "मी बोलतंय. सुगंधा. ऐकतास काय? तिका प्यावक पाणी नाय."

"होय, होय. औषध दी येळेर. पाणी दी भरपूर. पळण झाली काय मी येतंय बघूक."

आणि त्याने फोन ठेवला. मग तिने पुन्हा लावला, तो उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद होता. माणूस किती सहज खोटं बोलतो याचं मला नवल वाटलं. माझ्या पोटातून वाहिलेल्या थेंबात मी कधी एकाचे दोन करत नाही. पण माझं खरं आणि त्याचं खोटं एकत्र आलं आणि त्या दोघांनी मिळून म्हातारीचं पाणी तोडलं.

दुपारी सुगंधा कुंपणातून वाकून शेजारच्या सावित्रीच्या मागीलदारी गेली. सावित्रीच्या नळाला पाणी होतं. सुगंधाने कळशी लावली आणि तिथेच ओंजळीने आधी स्वतः प्याली; कालपासून तीही तहानलेली होती. कळशी निम्म्यावर आली आणि सावित्रीच्या मीटरने झडप मिटली. तोही माझाच भाऊबंद, त्याला तोच नियम.

ती अर्धी कळशी घेऊन ती धावत आली. तुळसा पाणी प्याली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, सुगंधाला ओळखलं आणि म्हणाली, "खंयचा गो ह्या? गोड लागता." तिला धुगधुगी आली होती. पाणी मिळत राहिलं असतं तर ती वाचली असती, असं नंतर डॉक्टर सुगंधाला म्हणाले. मला ते आधीच कळलं होतं.

माळावर आता सावित्रीच्या मोबाईलवर प्रश्न आला होता आणि तिने 'होय' दाबलं होतं. काल बाबलीच्या घरी गळती, आज शेजारच्या घरी. लोक जमले. गळती एका घरातून उठून दुसऱ्या घरी जात नाही, हे लहान पोरालाही कळतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काहीजण बाबलीकडे बघायला लागले.

मग सावित्रीच म्हणाली, "गाव त्येंच्या हवाली केलेलो आसा. तीच पाणी पितत आसतली."

त्या बोलण्याने सगळ्यांची सुटका झाली. गुरुप्रसादने नारळ घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, गावात जे कोण फिरतत त्येंका तहान लागली आसात तर तेंची तहान भागव, आणि आमच्या पोराबाळांक सांभाळ म्हाराजा. आणि सगळ्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हटलं. पुढच्या ओळीत उभा राहून बाबलीनेही म्हटलं.

गाऱ्हाणं झाल्यावर विनीत बाबलीजवळ आला. "काका, अशी एकेक जोडणी कित्याक? टाकीचोच व्हॉल्व्ह हयसून बंद करतंय. पळण संपली काय सोडूया. तुमी अध्यक्ष, तुमचो होकार व्हयो."

बाबलीला कळत होतं तो कशाला होकार देतोय. गावात आणखी घरं होती, नळ होते. सुगंधा हुशार होती, कुठून तरी तिने पाणी मिळवलं असतं. तेवढाच एक धागा उरला होता. आणि दहा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कर," बाबली म्हणाला.

विनीतने मोबाईलवर बोट ठेवलं. अख्ख्या खाजणवाडीच्या नळांतलं पाणी गेलं. साहेबांनी जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोबाईलवर शाबासकीचा अंगठा पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या कळशीतलं पाणी संपलं. तुळसाच्या जिभेला कोरड पडली होती, ती भलतंसलतं बोलत होती. "नळ सोड गो," म्हणायची. "आवाज येवंदे." सुगंधाने ओलं फडकं तिच्या ओठांवर ठेवलं आणि कळशी घेऊन ती बाहेर पडली. आता तिने लपायचं सोडलं होतं. पुढचं दार उघडून ती रस्त्याने गेली. घराघराच्या मागीलदारी जाऊन तिने नळ सोडून पाहिले. कुठेच पाणी नव्हतं. मधेच ती वेशीकडे धावत सुटली, पण खोलीत म्हातारी एकटी होती, म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

ती आली तेव्हा तुळसा गेली होती. पाण्यावर पाळत कशाला म्हणून विचारणारी म्हातारी माझ्या भिंतीपलीकडे मेली, आणि माझ्याकडे त्या वेळची नोंद आहे शून्य. मीटरला लाज बसवलेली नसते, पण त्या सकाळी मला माझ्या झडपेचा तिटकारा आला.

संध्याकाळी देवाने परत यायचा कौल दिला. ढोल वाजत लोक गावात शिरले. गुरं आधी, मग माणसं. कुणीतरी हसत होतं. विनीतने वेशीवरूनच टाकीचा व्हॉल्व्ह सोडला आणि माझी झडपही उघडली. सुगंधाने तोटी उघडीच ठेवली होती. पाणी धो धो पडायला लागलं, अबोलीच्या वाफ्यातून वाहत पायरीपर्यंत आलं. ती उठून बंद करायला आली नाही.

बाबली मागीलदाराने आत शिरला. खोलीच्या दारात थबकला.

"कधी?" त्याने विचारलं.

"सकाळी."

तो खाटेजवळ बसला, आईच्या पायाला हात लावला आणि रडला. खरंच रडला, ते मी नाकारत नाही. मग डोळे पुसून त्याने पहिला प्रश्न विचारला.

"आता लोकांका काय सांगूचा?"

काय सांगायचं ते त्याचं त्यानेच ठरवलं. देवगडाहून आजच गाडीने आणली, वाटेतच गेली. लोकांनी ऐकून घेतलं. रियाला त्याने फोनवर तेच पढवलं. वाहत्या नळाच्या पाण्याने तुळसाला आंघोळ घातली. त्या दिवशी भरपूर पाणी गेलं. मी गळती म्हणून कळवली नाही, कारण गाव परत आलं होतं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी गुरुप्रसाद भेटायला आला. मागीलदारी बाबली आणि सुगंधा दोघं होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबली, माका एकदा इचारलं आसतंस तर. माझ्या आज्याच्या येळेक अशाच एका पडलेल्या माणसाक देवान कौल दिल्लो. ऱ्हवंदे म्हणान सांगल्यान देवान."

सुगंधाने हातातला हंडा खाली ठेवला. "म्हणजे तुमका ठावक होता, घरात कोण आसा ता?"

गुरुप्रसाद जमिनीकडे बघायला लागला. "सगळ्यांकाच ठावक होता गो. गळती काय चलता? पण बोललो आसतो तर पळण मोडली आसती. मानकऱ्याच्या घरान मोडली, असा झाला आसता. त्याचो मान ऱ्हवाचो म्हणान कोण बोललो नाय."

तो निघून गेल्यावर सुगंधा नवऱ्याकडे वळली. "तुमी काय दाबलात?"

बाबली उठून आत जायला निघाला.

"मोबाईलार इचारल्यानी तेव्हा काय दाबलात ता सांगा."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. पंगत, लाल ठिपका, गाऱ्हाणं, विनीतचं बोट. सांगून झाल्यावर म्हणाला, "लोक बघीत होते गो." सुगंधा ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मी पण बघीत होतंय. तिच्या तोंडाकडे."

त्या दिवसापासून ती या घरात बाबलीशी बोललेली मी ऐकली नाही. आणि मला पुसायचं तर तिने कधीच सोडलं.

हे इथेच संपलं असतं, पण सरकारी कामाचं कौतुक व्हावं लागतं. गळती आपोआप ओळखून आपोआप बंद केल्याची जिल्ह्यातली पहिली नोंद माझी निघाली. फिल्म काढायला मागच्या महिन्यात गाडी आली. साहेब, कॅमेरावाला, छत्री धरणारा एक माणूस. मला धुतलं, झेंडूचा हार घातला. गावातले लोक मागीलदारी दाटीवाटीने उभे राहिले. विनीत नवा शर्ट घालून आला होता. आधी बाबलीला उभं केलं. तो शुद्ध मराठीत घडाघडा बोलला. गाव बाहेर होतं, घर बंद होतं, तरी एक थेंब वाया गेला नाही. टाळ्या पडल्या.

मग साहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही नळाखाली पेला धरा. पाणी भरताना दोन शब्द बोला. गळती कशी थांबली, तुम्हाला कसं वाटलं."

सुगंधा पुढे आली. तिने नळ सोडला, पेला काठोकाठ भरला. मग कॅमेऱ्याकडे बघून, कुणाला समजायला अडचण येणार नाही अशा सावकाश आवाजात म्हणाली,

"गळती नाय होती ती. माझी सासू होती."

सावित्रीने पदर तोंडाला लावला. गुरुप्रसाद खाली बघत होता. बाबली हारातल्या एका झेंडूकडे बघत उभा राहिला.

कॅमेरावाला बाहेरचा होता, त्याला मालवणी नीट कळली नसावी. त्याने मान वर करून विचारलं, "आवाजात वारा आला. परत एकदा घेऊ या का? वहिनी, या वेळी जरा हसून."

सुगंधाने पेला पायरीवर ओतला आणि ती आत गेली. साहेब समजले. त्यांनी घड्याळ बघितलं, बाबलीचं बोलणं पुरेसं आहे म्हणाले आणि गाडी गेली. फिल्म तयार झाली. तीत बाबली आहे, मी आहे, हार आहे.

पुढच्या आठवड्यात सुगंधा कपड्यांची पिशवी घेऊन देवगडला रियाकडे गेली. पळणीत म्हातारीला जिथे धाडलं होतं म्हणून सगळ्या गावाला सांगितलं, तिथे. बाबली तिला आणायला दोनदा गेला आणि दोनदा एकटाच परत आला. आता घरात तो एकटाच आहे. एका माणसाला लागतं तितकं पाणी तो घेतो, मी ते कळवतो. कधी कधी नळ सोडून तो नुसताच उभा राहतो, पाणी वाहू देतो. एकदा त्यावरून त्याच्या मोबाईलवर प्रश्न आला, गळती आहे का म्हणून. बराच वेळ उत्तर आलं नाही.

माझ्यासारखे आता गावोगाव बसतायत. नळावर, दिव्याच्या खांबावर, रस्त्यावर. बसवा. आम्ही कामचुकार नाही, आम्ही पैसे खात नाही, मोजतो ते बरोबर मोजतो. माझी एकच मागणी आहे. मी सांगितलं की घरात कोणी नाही, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक माणूस पाठवा. त्याने दाराशी उभं राहून हाक मारावी आणि आतून उत्तर येतंय का ते ऐकावं, आणि तोवर माझी झडप मिटू देऊ नये.